पाळी सुटताना रक्त द्या

पेट्रोल पंपावरच्या पोरांचं रक्त सकाळी घेऊन उपयोग नाही, पाळी सुटताना घ्यायचं. कराडच्या प्रयोगशाळेत सुया टोचण्यात माझी उमर गेली, तरी हे मालकांना पटवताना नाकीनऊ येतात. "सकाळी या की मॅडम, गर्दी नसते." सकाळी येऊन सापडणार काय? पेट्रोलच्या वाफेतून श्वासावाटे रक्तात गेलेलं बेंझीन काही तासांत ओसरायला लागतं. शिशाचं तसं नव्हतं. ते आठवडेच्या आठवडे रक्तात मुक्काम ठोकायचं. शिसंवालं पेट्रोल देशात 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं, बेंझीन राहिलं.

पेट्रोलमध्ये ते आकारमानाने 1 टक्क्यापर्यंत चालतं. थोडंच वाटतं. पण दुचाकीच्या टाकीत पेट्रोल पडतं तशी आतली वाफ बाहेर येते, आणि नोझल धरणाऱ्याचं तोंड नेमकं वरच असतं. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागते, पण डिझेलमध्ये बेंझीन अगदी कमी. मारा असतो तो दुचाक्यांचा.

सातारा-सांगलीतल्या पंपांवरच्या कामगारांच्या रक्तात बेंझीन, टोल्युइन, झायलीन ही पेट्रोलमधली रसायनं मोजून झालेली आहेत. त्यासाठी रक्त घट्ट बुचाच्या काचेच्या कुपीत लागतं. बूच सैल राहिलं की मोजायची वस्तूच उडून जाते. कुपी तापवून रक्ताच्या वर जमलेली हवा गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात सोडतात. तिथून एकेक रसायन आपापल्या वेळेला बाहेर पडतं.

माझा पहिला प्रश्न, "विडी-सिगारेट?" पोरं मान हलवतात आणि खिशातलं पाकीट मला दिसत असतं. धुरातही बेंझीन आहे बाबांनो! खोटं सांगितलं तर आकडा पंपाचा की विडीचा, कसं कळायचं?

शिवाय हा आकडा त्या दिवसापुरता. वर्षांचा हिशेब अस्थिमज्जेत होतो. यकृतात बेंझीनपासून तयार होणारे पदार्थ तिथे रक्तपेशींचा कारखाना बिघडवतात, पुढे रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणून दरवर्षी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करा आणि जुने रिपोर्ट फेकू नका. पांढऱ्या पेशी 4000 ते 11000 म्हणजे 'नॉर्मल' छापून येतं. पण 9000 वाल्याच्या दरवर्षी घटत 5000 झाल्या, तर कागद नॉर्मल म्हणो, डॉक्टरांना दाखवाच.

आणि गिऱ्हाइकांनो, नोझल आपोआप बंद पडलं की "राउंड फिगर करा" म्हणून हट्ट धरू नका. तो जास्तीचा फवारा पोराच्या तोंडावर येतो.