शिवेचे दगड

गेल्या आठवड्यात आपण कार्तोरेला पाठपिशव्या उतरवल्या आणि आज दुकेस्साच्या तलावावर चढायचं, असं मी कबूल केलं होतं. तलाव कुठे पळून जात नाही. मध्येच साताऱ्याच्या एका वाचकांनी असा प्रश्न टाकला की तो बाजूला सारून पुढे जाववेना. ते विचारतात, ‘इटलीत डोंगरांना तोटा नाही. मग ही दरोडेखोरांची वाट नेमकी याच डोंगरांत का?’

डोंगर होते म्हणून नव्हे, हद्द होती म्हणून.

‘कम्मीनो देई ब्रिगान्ती’चे, म्हणजे या दरोडेखोरांच्या वाटेचे, शंभर किलोमीटर आपण सात मुक्कामांत चालतो. त्यात आज आब्रुत्सो आणि लात्सियो या दोन प्रांतांत आपली ये-जा होते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. १८६० पर्यंत मात्र याच मुलखात दोन राज्यं एकमेकांना भिडलेली होती. एकीकडे नेपल्सच्या बूर्बों राजाचा अंमल, दुसरीकडे पोपचा. कार्तोरे आज लात्सियोत मोडतं, पण तेव्हा ते नेपल्सवाल्यांचं. रिएतीचा नवा जिल्हा करताना १९२७ साली हा टापू इकडून तिकडे गेला. गारिबाल्डी आला, नेपल्सचं राज्य बुडालं, मार्च १८६१ मध्ये नव्या इटलीची द्वाही फिरली. पण रोम १८७० पर्यंत पोपकडेच राहिलं, पाठीशी फ्रेंच फौज घेऊन. गादी गेलेला फ्रान्चेस्को दुसरा त्याच रोममध्ये जाऊन बसला होता. म्हणजे राज्य गेलं तरी शीव जागच्या जागी.

आता दरोडेखोरांच्या टोळीच्या जागी उभं राहून बघा. अलीकडे नव्या सरकारचे शिपाई, आणि एका रात्रीची चाल मारली की पलीकडे असा मुलूख, जिथे त्यांना पाऊल टाकता येत नाही. वाटा दाखवायला माणसंही होती. इथले धनगर पिढ्यान्‌पिढ्या थंडीत मेंढरं घेऊन रोमच्या मैदानात उतरत, त्यामुळे कुठली घळ कुठे निघते हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. मोडलेल्या बूर्बों फौजेतले बेकार शिपाई, सक्तीची लष्करभरती चुकवून पळालेली पोरं, गावकीची जमीन आपल्याला मिळेल म्हणून वाट पाहून थकलेले कुळवाडी अशी नाना तऱ्हेची माणसं टोळ्यांत होती. अट्टल लुटारूही होतेच. त्यांना वगळून या माणसांची नुसती पूजा बांधणं मला पटत नाही. ज्याची मेंढरं गेली, ज्याचा मुलगा खंडणीसाठी उचलून नेला, तोही याच गावांतला होता.

ही शीव नुसती कागदावर नव्हती, आणि खरं सांगायचं तर हा भाग मी तिच्या दगडांसाठीच लिहितोय. दोन्ही राज्यांनी १८४० मध्ये करार केला आणि १८४६-४७ च्या सुमाराला पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत दगडी खांब पुरले. त्यांचे आकडे ६८६ पर्यंत जातात. कार्सोलीच्या बाजूला जरा वाट वाकडी केलीत तर यातले काही बघायला मिळतात. गोल, ठेंगणा, कमरेच्या आसपास उंचीचा खांब. नेपल्सच्या अंगाला लिलीचं फूल आणि खाली क्रमांक, पोपच्या अंगाला एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन किल्ल्या आणि साल. शेवाळ असेल तर आधी बोट फिरवा, किल्ल्यांचे दात हाताला लागतात. मग खांबाच्या माथ्यावर बघा. तिथे एक रेघ कोरलेली असते आणि पुढची हद्द कुठल्या दिशेला वळते ते ती सांगते. नकाशा, होकायंत्र काही नको. मला तर या रेघेसमोर आपल्याकडचे सगळे मैलाचे दगड फिके वाटतात. खांब पुरताना खाली धातूचं एक पदक ठेवत. त्याची कुणकुण लागल्यावर खजिन्याच्या आशेने कित्येक खांब लोकांनी उपटून पाडले. काही नंतर पुन्हा उभे केले, पण आज एखाद्याची रेघ भलतीकडे बोट दाखवत असेल तर तिच्या भरवशावर चालू नका.

ही शीव गाठता गाठता राहून गेलेला माणूस म्हणजे होसे बोर्खेस. पहिल्या मुक्कामाच्या वेळी त्याचं नाव ओझरतं आलं होतं. हा कातालान सेनानी स्पेनच्या यादवीत मुरलेला. बूर्बोंच्या माणसांनी त्याला सप्टेंबर १८६१ मध्ये मूठभर सोबत्यांनिशी कालाब्रियाच्या किनाऱ्यावर उतरवलं. दक्षिणेतल्या टोळ्यांचं सैन्य बांधायचं आणि राजाला गादी परत मिळवून द्यायची, असा बेत. पण टोळ्यांचा म्होरक्या कार्मिने क्रोक्को त्याला जुमानेना. त्याला लूट हवी होती, याला कवायत. शेवटी बोर्खेस वैतागून रोमच्या दिशेने निघाला आणि अख्खी दक्षिण पायाखाली घालत सांते मारियेजवळच्या लुप्पापर्यंत आला. शीव आता काही तासांवर होती. तिथल्या एका शेतघरात तो विसाव्याला थांबला आणि मेजर फ्रांकिनीच्या बेरसाल्येरी शिपायांनी घराला वेढा दिला. तारीख ८ डिसेंबर १८६१. त्याच दिवशी ताल्याकोत्सोमध्ये त्याला साथीदारांसह गोळ्या घातल्या. फ्रांकिनीच्या अहवालानुसार, राजाच्या बाजूने लढणारे सगळे नालायक आहेत हे त्याला तोंडावर सांगायला आपण रोमला निघालो होतो, असं बोर्खेस म्हणाला. त्याची रोजनिशी शत्रूच्या हाती पडली आणि पुढच्याच वर्षी छापूनही आली.

क्रोक्कोला शीव लाभली, पण उपयोग शून्य. १८६४ मध्ये तो पलीकडे गेला आणि पोपच्याच शिपायांनी त्याला बेड्या घातल्या. वारं फिरू लागलं होतं. अलीकडे ऑगस्ट १८६३ पासून पिका कायदा लागू होता. लष्करी न्यायालयं, हत्यारानिशी प्रतिकार केला तर गोळी, आसरा दिल्याचा नुसता संशय आला तरी हद्दपारी. हा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो खासदार पिका याच लाक्विला भागातला. पलीकडे पोपच्या सरकारलाही या पाहुण्यांचा जाच व्हायला लागला होता. डिसेंबर १८६५ मध्ये त्यांनीही कडक फर्मान काढलं आणि फेब्रुवारी १८६७ मध्ये कास्सीनोला दोन्ही सरकारांचा करार झाला की पाठलाग करताना एकमेकांच्या हद्दीत शिरायला हरकत नाही. टोळ्यांचा कणा माझ्या मते या कराराने मोडला, पिका कायद्याने नव्हे.

साताऱ्याच्या वाचकांना यात ओळखीचं काही दिसेल. वासुदेव बळवंत फडके निजामाच्या मुलखाच्या आसऱ्याला गेले, आणि जुलै १८७९ मध्ये त्यांना पकडलं ते इंग्रजांचा मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी मिळून. तुलना इथवरच. फडक्यांना परकं राज्य उलथायचं होतं, इथल्या बऱ्याच जणांना गेलेला राजा परत हवा होता. आपण मराठी माणसं इटलीचं एकीकरण सावरकरांच्या १९०७ च्या ‘मॅझिनी’पासून विजयगाथा म्हणूनच वाचत आलो. त्या गाथेतली हरलेली बाजू कुठल्या गावांत राहत होती ते या वाटेवर चालताना कळतं.

बरं, तलाव. कार्तोरे साधारण साडेनऊशे मीटरवर आणि तलाव १७८८ मीटरवर, म्हणजे वाल्लोने दी फूआच्या घळीतून आठशेवर मीटरचा चढ. एके ठिकाणी कातळाला साखळी बांधलेली आहे. पाणी खालूनच भरून घ्या, तलावाचं पाणी गुरांचं. याच तलावाचा बर्फ फोडून १९७८ च्या एप्रिलमध्ये पाणबुडे का उतरले होते, ते पुढच्या आठवड्यात. दुसऱ्या कुणा वाचकाने मध्येच प्रश्न टाकला नाही तर.