टंचाईची वर्दी

कोलेस्टेरॉलच्या चयापचयावरील रेणुपातळीचे संशोधन जवळून पाहिले, तर त्यातील बहुतेक महत्त्वाच्या प्रयोगांची सुरुवात पेशींना उपाशी ठेवण्यापासून होताना दिसते. मानवी त्वचेच्या लहानशा तुकड्यातून मिळवलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी, म्हणजे त्वचेखालच्या ऊतीत तंतू तयार करणाऱ्या पेशी, उथळ बशीत पोषक द्रवाखाली वाढवल्या जातात आणि त्या द्रवात सुरुवातीला वासराच्या रक्ताचे सीरम मिसळलेले असते. पेशी तळाला चिकटून पसरल्या की तो द्रव शोषून काढला जातो आणि त्याच्या जागी लिपोप्रोटीन काढून घेतलेले सीरम दिले जाते. लिपोप्रोटीन म्हणजे पाण्यात न विरघळणारा मेद रक्तातून वाहून नेणारे, प्रथिनांनी वेढलेले सूक्ष्म कण. ते सीरममधून वेगळे करणे हेच मुळात चिकाटीचे काम आहे, कारण त्यासाठी सीरममध्ये क्षार विरघळवून त्याची घनता नेमकी वाढवावी लागते आणि मग ते अतिवेगवान अपकेंद्रित्रात अनेक तास फिरवावे लागते. तेव्हा कुठे मेदामुळे हलके असलेले कण इतर प्रथिनांपासून सुटून वर तरंगतात. यांपैकी दर मिलिलिटरला १.०१९ ते १.०६३ ग्रॅम घनतेच्या पट्ट्यात येणारे कण म्हणजे एलडीएल, आणि नळीत ते पिवळसर थराच्या रूपाने डोळ्यांना स्पष्ट दिसतात. अशा एका कणाच्या गाभ्यात कोलेस्टेरॉलचे सुमारे १५०० रेणू मेदाम्लांशी जोडलेल्या अवस्थेत साठवलेले असतात.

हा पुरवठा तोडल्यावर पेशी काय करते, हा प्रश्न मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अमेरिकेतील डॅलस येथे, टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय शाळेत, १९७२ पासून हाती घेतला. त्यामागे एक आजार होता. कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया या आनुवंशिक विकारात सदोष जनुक आई-वडिलांपैकी एकाकडून आले, तर रक्तातील एलडीएल साधारण दुप्पट होते, आणि दोघांकडूनही आले, तर ते सहा ते दहा पट वाढते, त्वचेवर व स्नायुबंधांवर कोलेस्टेरॉलच्या गाठी येतात आणि बालपणातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशा मुलांच्या पेशीत नेमके काय बिघडले आहे, हे त्यांच्याच त्वचेच्या पेशी बशीत वाढवून तपासता येईल, अशी या दोघांची अपेक्षा होती. कोलेस्टेरॉलच्या चयापचयाचे मुख्य केंद्र यकृत असल्यामुळे त्वचेच्या पेशीकडून तिथले रहस्य कळेल, ही अपेक्षा त्या काळी धाडसाचीच म्हटली पाहिजे.

मोजायचे होते ते एका विकराचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे, काम. कोलेस्टेरॉलचा २७ कार्बन अणूंचा रेणू पेशी दोन कार्बनच्या साध्या तुकड्यांपासून सुमारे ३० टप्प्यांत रचते. हा मार्ग उलगडण्यात मोठा वाटा असलेल्या कोनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांना १९६४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. या मार्गावरील वेग ठरवणारी पायरी एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराच्या ताब्यात असते. बशीतील पेशी खरवडून त्यांचा अर्क काढायचा, त्याला किरणोत्सारी कार्बनची खूण असलेले एचएमजी-कोए द्यायचे, विकराने त्यापासून तयार केलेले मेव्हॅलोनेट पातळ थरावर वेगळे करायचे आणि त्यातील किरणोत्सार यंत्राने मोजायचा, अशी ही रीत होती. सामान्य पेशींचा लिपोप्रोटीनचा पुरवठा तोडला की विकराचे काम एका दिवसात कित्येक पटींनी वाढे आणि एलडीएल परत दिले की काही तासांत खाली येई. रुग्णाच्या पेशीत मात्र ते कायमच ४० ते ६० पट चढलेले असे आणि कितीही एलडीएल दिले तरी उतरत नसे.

यावरून विकरच बिघडलेले आहे, असा निष्कर्ष सहज निघाला असता. तो टळला एका साध्या पडताळणीमुळे, आणि या साऱ्या कहाणीतील सर्वांत मोलाचा प्रयोग तोच आहे. कोलेस्टेरॉल लिपोप्रोटीनमधून न देता अल्कोहोलमध्ये विरघळवून थेट पेशींवर सोडले, तर ते आपोआप पेशीपटलातून आत शिरते. असे केल्यावर रुग्णाच्या पेशीतील विकरही सामान्य पेशीतल्याप्रमाणेच मंदावले. याचा अर्थ आतली नियंत्रणव्यवस्था शाबूत होती, पण एलडीएलमधील कोलेस्टेरॉल तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हते.

मग एलडीएलला किरणोत्सारी आयोडीनची खूण करून त्याचा माग काढण्यात आला. हे काम ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या थंड खोलीत करावे लागते, कारण त्या तापमानाला कण पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतात खरे, पण आत ओढले जात नाहीत. बशा थंड द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतल्या जातात, जेणेकरून सैल राहिलेला एकही कण मोजणीत येऊ नये, आणि त्यात कुचराई झाली तर आकडे फुगतात. नंतर बशा ३७ अंशांवर नेल्या की काही मिनिटांत चिकटलेले कण आत जातात आणि तासाभरात त्यांच्या प्रथिनाचे तुकडे बाहेरच्या द्रवात दिसू लागतात. सामान्य पेशी एलडीएल घट्ट धरत होत्या, तर सर्वांत गंभीर रुग्णांच्या पेशी ते जवळजवळ धरतच नव्हत्या. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल ओळखून पकडणारे एक प्रथिन, म्हणजे एलडीएल ग्राही, असते आणि या विकारात तेच सदोष असते, हे १९७४ मध्ये असे सिद्ध झाले. एका रुग्णाच्या पेशी तर एलडीएल धरत, पण आत घेत नसत. ग्राहीच्या शेपटीतील एकच अमिनो आम्ल बदलल्यामुळे त्याला पेशीपटलावरील खळग्यांत जमता येत नव्हते, आणि आत जाण्याची वाट त्या खळग्यांतूनच असते. निरोगी ग्राही हा प्रवास दर दहा मिनिटांना एकदा याप्रमाणे शेकडो वेळा करतो. या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच काळात जपानमध्ये अकिरा एन्दो यांचे काम अगदी वेगळ्या दिशेने चालले होते. बुरशी आपल्या शत्रू सूक्ष्मजीवांना रोखण्यासाठी रिडक्टेज बंद पाडणारे एखादे द्रव्य तयार करत असावी, या कल्पनेने त्यांनी टोकियोतील सांक्यो कंपनीत १९७१ पासून सुमारे ६००० सूक्ष्मजीवांचे अर्क तपासले आणि तांदळावर सापडलेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन वेगळे केले. प्रयोगशाळेतील उंदरांवर मात्र त्याचा प्रभाव पडेना, आणि हा शोध तिथेच सोडून दिला जाण्याची वेळ आली होती. कोंबड्या आणि कुत्र्यांमध्ये कोलेस्टेरॉल ठळकपणे उतरल्यावर तो वाचला. उंदरांच्या यकृतात औषधाला उत्तर म्हणून रिडक्टेज इतके वाढे की औषधाचा परिणाम पुसला जाई. पेशी टंचाईला प्रतिसाद देते, हेच त्या अपयशाचे कारण होते, आणि पुढे औषधाच्या यशाचे कारणही तेच ठरले. मर्क कंपनीने ॲस्परजिलस टेरियस या दुसऱ्या बुरशीतून मिळवलेले लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत ४४४४ हृदयरुग्णांपैकी ज्यांना सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन दिले, त्यांच्या मृत्यूंचे एकूण प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळले. एन्दो यांना नोबेल मिळाले नाही, आणि २०२४ मध्ये ते निवर्तले. ही उणीव आता भरून निघणारी नाही.

स्टॅटिन कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते, एवढेच सांगून सामान्यतः थांबले जाते. परंतु निर्मिती रोखल्यावर पेशी अधिकाधिक रिडक्टेज बनवून त्या बंदीतून बऱ्याच अंशी सुटू पाहते. कॉम्पॅक्टिनचे प्रमाण हळूहळू वाढवत त्यात जगायला शिकवलेल्या चिनी हॅम्स्टरच्या पेशींत या विकराचे प्रमाण सुमारे ५०० पट वाढले आणि ते सामावण्यासाठी पेशीच्या आतील पटलांच्या स्फटिकासारख्या रांगा तयार झाल्या. तरीही रुग्णाचे एलडीएल उतरते, कारण टंचाईची वर्दी मिळताच यकृताच्या पेशी विकराबरोबर एलडीएल ग्राहीही वाढवतात आणि ते ग्राही रक्तातील एलडीएल उचलून नेतात. ज्या रुग्णांत एकही ग्राही काम करत नाही, त्यांना स्टॅटिनचा फारसा उपयोग का होत नाही, हेही यातून कळते.

ही वर्दी केंद्रकापर्यंत कशी पोहोचते, हे उलगडायला पुढची दोन दशके लागली. एलडीएल ग्राहीच्या जनुकाआधी डीएनएवर दहा अक्षरांचा एक लहान क्रम असतो आणि तो काढून टाकला, तर जनुक कोलेस्टेरॉलच्या टंचाईला प्रतिसाद देत नाही. हा क्रम पकडणारे प्रथिन शोधण्यासाठी मानवी पेशींच्या केंद्रकांचा अर्क, त्याच डीएनए क्रमाचे तुकडे चिकटवलेल्या स्तंभांतून पुन्हा पुन्हा गाळण्यात आला, आणि १९९३ मध्ये एसआरईबीपी हे प्रथिन हाती आले. त्याच्या जनुकाचा क्रम वाचल्यावर कोडे पडले, कारण जनुकातून बनायला हवे असलेले प्रथिन स्तंभावर मिळालेल्या प्रथिनाच्या जवळपास दुप्पट मोठे होते. उत्तर असे निघाले की संपूर्ण प्रथिन केंद्रकात नसतेच. ते आंतर्द्रव्यजालिका नावाच्या पटलांच्या जाळ्यात, दाव्याने खुंटीला बांधलेल्या जनावरासारखे अडकून राहते आणि टंचाई आली की दोन ठिकाणी कापले जाऊन त्याचा पुढचा भाग सुटतो व केंद्रकात शिरतो.

प्रयोगशाळेत हे कापले जाणे प्रत्यक्ष दिसते. काही बशांतील पेशींना स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉल किंवा त्याच्या जातीचे द्रव्य, दिलेले असते, काहींना नसते; त्यांचे पटल आणि केंद्रक वेगळे करून प्रथिने विद्युतप्रवाहाने जेलमधून ओढली जातात, मग पातळ पटलावर उतरवून प्रतिपिंडाने रंगवली जातात, आणि अंधाऱ्या खोलीत क्ष-किरण फिल्म धुतली की त्यावर काळ्या रेघा उमटतात. उपाशी पेशींच्या रांगेत केंद्रकातील लहान प्रथिनाची रेघ ठळक असते. स्टेरॉल मिळालेल्या पेशींच्या रांगेत ती नाहीशी होते आणि फक्त पटलातील मोठ्या प्रथिनाची रेघ उरते. सुटलेला तुकडा पेशीत पटकन नष्ट होत असल्याने त्याचा नाश थांबवणारे द्रव्य आधी दिले नाही, तर ती रेघ दिसतच नाही, आणि नवशिक्या संशोधकाला प्रयोग फसल्यासारखा वाटतो.

दावे कापणारी दोन्ही विकरे आणि त्यांच्यापर्यंत प्रथिन नेणारा साथीदार शोधण्यासाठी उत्परिवर्तित पेशींचा आधार घेण्यात आला. २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल हा स्टेरॉल पेशीला पुरवठा भरपूर असल्याचा भास करून देतो, पण स्वतः कोलेस्टेरॉलची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे लिपोप्रोटीन नसलेल्या बशीत तो मिसळला की पेशी निर्मिती थांबवून मरतात. रसायनाने जनुकांत बदल घडवलेल्या पेशींवर असा प्रयोग केला असता लक्षावधी पेशींतून ज्या थोड्या तगतात, त्यांची वर्दीव्यवस्था बिघडलेली असते, आणि तो बिघाडच व्यवस्थेचा एकेक भाग दाखवून देतो. स्कॅप हे प्रथिन १९९६ मध्ये असेच सापडले. टंचाईत ते एसआरईबीपीला आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जी पिंडात नेते, जिथे कापणारी विकरे असतात. भरपूर कोलेस्टेरॉल असेल तर स्कॅप इन्सिग या प्रथिनाशी जखडून जागेवरच राहते. २००८ मध्ये अरुण राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांनी आंतर्द्रव्यजालिका शुद्ध करून तिच्या मेदांत कोलेस्टेरॉल किती आहे हे मोजले. रेणूंच्या संख्येने ते सुमारे ५ टक्क्यांच्या वर गेले की एसआरईबीपीची वाटचाल एकदम थांबते आणि त्याखाली आले की पुन्हा सुरू होते. इतक्या अरुंद सीमेवर साऱ्या शरीराचा कोलेस्टेरॉलचा हिशोब तोलला जातो, ही बाब रेणुजीवशास्त्रातील अत्यंत सुंदर निष्कर्षांपैकी एक मानावी लागेल.

या व्यवस्थेची एक अडचण रुग्णालयात रोज जाणवते. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली, तरी एलडीएल दर वेळी आणखी सुमारे ६ टक्केच उतरते. त्याचे एक कारण असे की एसआरईबीपी ज्या जनुकांना चालना देते, त्यांत पीसीएसके९ चे जनुकही आहे, आणि हे प्रथिन एलडीएल ग्राहीला धरून पेशीच्या आत त्याच्या नाशाकडे नेते. म्हणजे एकच वर्दी ग्राही वाढवते आणि त्यांचा नाश करणारे प्रथिनही वाढवते. पीसीएसके९ आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा संबंध २००३ मध्ये फ्रान्समधील कुटुंबांच्या अभ्यासातून कळला. पुढे डॅलसमध्येच हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी दाखवले की ज्या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांत या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असते, त्यांचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयवाहिन्यांच्या विकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी असते. या प्रथिनाला रोखणारी प्रतिपिंडे २०१५ पासून औषध म्हणून वापरात आहेत आणि स्टॅटिनबरोबर दिली, तर त्या वर्दीचा नको असलेला भाग ती कापून टाकतात.

औषध थांबवले की रिडक्टेज मोकळे होते, पेशीतील टंचाई संपते, ग्राहींची संख्या घटते आणि काही आठवड्यांत एलडीएल पूर्वीच्या पातळीवर येते. अहवालातील आकडा उतरला म्हणून गोळी आपणहून बंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगावा, आणि ज्यांच्या घरात तरुणपणी हृदयविकाराचा झटका आला आहे, त्यांनी आपल्या भावंडांचे व मुलांचे एलडीएल एकदा अवश्य तपासून घ्यावे.