छेद लहान, शस्त्रक्रिया लहान नव्हे

अमळनेर परिसरात कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर धरणे नवे नाही. एमआरआयमध्ये 'गादी सरकली' असे कळले की 'दुर्बिणीने काढून टाका, किरकोळ काम आहे' असा सल्लाही मिळतो.

प्रत्यक्षात डिस्क (दोन मणक्यांमधील गादी) जागची हलत नाही. तिच्यातला मऊ गर बाहेर येऊन नस दाबतो. मायक्रोडिस्केक्टॉमीत (सूक्ष्मदर्शकाखाली हा गर काढणे) साधारण 2 ते 3 सेंटिमीटरचा छेद पुरतो. एंडोस्कोपने (बारीक दुर्बीण) सुमारे 1 सेंटिमीटरचा. स्नायूंना इजा कमी होते, रुग्ण लवकर चालू लागतो.

बोअरमधली मोटर काढताना आजूबाजूची जमीन खणत नाहीत, पण खोलवरचे काम जोखमीचेच असते. इथेही तसेच: छेद लहान असला तरी आत नस जवळ असते, भूल आणि जंतुसंसर्गाचा धोका उरतोच.

दुसरा गैरसमज म्हणजे या शस्त्रक्रियेने प्रत्येक कंबरदुखी जाते. तिचा खरा उपयोग सायटिकात (नस दबल्याने पायात उतरणारी कळ) होतो. नुसत्या कंबरदुखीत तो कमी. शिवाय बहुतेकांची कळ औषधे, हालचाल आणि व्यायामाने 6 ते 12 आठवड्यांत ओसरते.

मात्र पायातली ताकद कमी होत असेल, मांड्यांची आतली बाजू बधिर झाली असेल किंवा लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, तर एक दिवसही थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.