नातवाला व्हिडिओ गेम घ्यावा काय?

कारखान्याचे बिल बँकेत जमा झाले की कोल्हापूरच्या राजारामपुरीत गावाकडची माणसे दिसू लागतात. कुणाला डॉक्टरकडे जायचे असते, कुणाला कपडे घ्यायचे असतात, कुणाला पोरीच्या क्लासची फी भरायची असते. हल्ली त्यांत एक नवे गिऱ्हाईक आले आहे. मोबाइल-टीव्हीच्या दुकानात शिरून, "चार वर्षांच्या पोराला चालंल असा व्हिडिओ गेम हाय का?" असे विचारणारे आजोबा.

ह्याचे कारण समजून घेतले पाहिजे. आपल्याकडची पुष्कळ घरे आता दोन ठिकाणी नांदतात. शेती, जनावरे आणि म्हातारी माणसे गावी. सून लहानग्याला घेऊन शाळेसाठी राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. गावी हेच पोर गोठ्यापासून खळ्यापर्यंत दिवसभर उंडारत असे. इथे जिना उतरला की मोटारी. दोन खोल्यांत कोंडलेले पोर दुपारी चारनंतर आईच्या जिवाला घोर लावते. शेजारच्या मोठ्या मुलाकडे गेम पाहिलेला असतो, मग रात्री फोनवर हट्ट सुरू होतो, "आबा, मला पण पायजे." आबांचा जीव तुटतो. हे प्रेम खोटे नाही. म्हणून "नको म्हणजे नको" एवढ्यावर प्रश्नाची बोळवण करणे आम्हाला पटत नाही.

तरी आमचे मत आधीच सांगतो. सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी म्हणून हे यंत्र विकत घेऊ नये. ते वाईट आहे म्हणून नव्हे. त्या वयाच्या हाताला, डोक्याला आणि दिवसाला ते बसत नाही म्हणून.

व्हिडिओ गेम म्हटले की आज चाळिशीच्या आसपास असलेल्या बापाच्या डोळ्यांपुढे मारिओ येतो. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली घरच्या टीव्हीला जोडायचे यंत्र काढले, १९८५ साली त्यावर मारिओचा खेळ आला, आणि १९९० नंतरच्या दशकात त्या यंत्राच्या हुबेहूब नकला आपल्या बाजारात आल्या. वर पिवळी किंवा काळी कॅसेट खोचायची, दोन वायरचे रिमोट. त्या रिमोटला डाव्या हाताला चार दिशांचे एक बटण आणि उजव्या हाताला दोन बटणे, बाकी सुरू करायची एक-दोन. मारिओ तीनदा मेला की खेळ संपला, रिमोट दुसऱ्याच्या हाती. बापाला वाटते, आपण खेळलो, आपले काय बिघडले? बरोबर आहे, पण तो त्या वेळी आठ-दहा वर्षांचा होता, आणि यंत्रही ते नव्हते.

आजच्या प्लेस्टेशन ५ चा रिमोट हातात घेऊन पाहा. दोन्ही अंगठ्यांसाठी फिरत्या दांड्या, चार दिशांची बटणे, चार खुणांची बटणे, वरच्या कडेला बोटांसाठी आणखी चार, मधे स्पर्शाची पट्टी. एक अंगठा चालवतो, दुसरा नजर फिरवतो, तर्जनी दाबते, आणि हे सारे एकाच वेळी. चार वर्षांच्या मुलाला अजून शर्टाची गुंडी लावताना ओठ चावावे लागतात. त्याला हा रिमोट दिला की दोन गोष्टींपैकी एक होते. एक तर जमत नाही म्हणून तो रडतो, आदळआपट करतो. नाहीतर नुसती बटणे बडवीत राहतो, पडद्यावर काहीतरी हलते एवढ्यावर खूश होतो. पुष्कळ घरांत मोठा भाऊ त्याला न जोडलेला रिमोट देऊन फसवतो. ते आठवडाभर चालते. पोरे आपल्याला वाटतात तितकी भोळी नसतात.

आता दुकानात होणाऱ्या एका गैरसमजाविषयी. डब्यावर ३, ७, १२, १६, १८ असा आकडा छापलेला असतो. ही युरोपातली पेगी नावाची पद्धत, २००३ पासूनची. तीन आकडा पाहून आजोबा म्हणतात, तीन वर्षांच्या पोराचा आहे, द्या. पण हा आकडा खेळ किती सोपा ते सांगत नाही. त्यात मारामारी, शिवीगाळ, भीतीदायक असे काही त्या वयाला अयोग्य नाही, एवढेच तो सांगतो. २०२२ साली आलेल्या फिफा २३ ह्या फुटबॉलच्या खेळावर तीनच आकडा आहे. कोल्हापूरच्या पोराला फुटबॉल म्हटले की हवाच. पण तो खेळ जमायला दहा-बारा वर्षांच्या मुलालाही वेळ लागतो. उलट बाजूने मात्र हा आकडा काटेकोर पाळावा. २०१३ सालच्या जीटीए ५ वर १८ आहे, तो उगीच नाही. जुन्या सीडीच्या ढिगातून असला खेळ 'गाड्यांचा आहे' म्हणून कुणी गळ्यात मारला तर घेऊ नये. स्वस्तातल्या नकली डब्यांवर, ज्यांत शेकड्यांनी खेळ भरलेले असतात, त्यांच्यावर तर वयाचा शिक्काच नसतो. डोळ्यांवर बांधायचा चष्मा येतो, त्याविषयी खुद्द प्लेस्टेशनच्या कंपनीने बारा वर्षांखालील मुलांना देऊ नका असे सांगितले आहे.

वेळेचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना काढल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलाने बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, त्याहून कमी असेल तर बरेच. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात तीन तास तरी हालचाल करावी, त्यातला एक तास धावणे-उड्या असा दमवणारा असावा, आणि दहा ते तेरा तास झोप घ्यावी. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या सूचनांत दोन ते पाच वर्षांसाठी एक तासाचीच मर्यादा घातली आहे, तीही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. हा तास सगळ्या पडद्यांचा मिळून आहे, हे विसरू नये. जेवताना मोबाइल, आजीबरोबर मालिका, मावशीचा व्हिडिओ कॉल. ह्यांतच बहुतेक घरांत तो तास संपलेला असतो. मग गेमला जागा कुठे उरते? शिवाय उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत लांबचे न दिसण्याचा दोष कमी आढळतो. खोलीतल्या मुलाला तो उजेडच मिळत नाही.

ह्यावर कुणी म्हणेल, कार्टून दाखवतोच, मग गेमने काय होते? फरक आहे. कार्टून दहा मिनिटांनी संपते. आजचा गेम संपत नाही. एक टप्पा झाला की घंटी वाजते, बक्षीस पडते, पुढचा दरवाजा उघडतो. "आता पुरे" असे स्वतःला सांगण्याची शक्ती मोठ्यांतही बेताची असते. चार वर्षांच्या मुलात ती नुकती उगवत असते. त्यामुळे रोज संध्याकाळी यंत्र बंद करताना एक लढाई, आणि ती लढाई गावाकडचे आजोबा नव्हे, तर दिवसभर एकटी राबलेली आई लढणार. भेट देणाऱ्याने हा विचार जरूर करावा.

पैशाचेही बोलले पाहिजे. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती, पुढे ती वाढली. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये दर ठरवला. म्हणजे जवळजवळ चौदा टन ऊस, तोडणी-वाहतूक वजा जाण्यापूर्वीचा. वर एकेका नव्या खेळाला काही हजार. मूल दहा वर्षांचे होईपर्यंत हे यंत्र जुने झालेले असेल. थांबण्यात तोटा काहीच नाही.

घरात थोरल्यासाठी गेम आधीच आलेला असेल तर? तर धाकट्याला हाकलून लावू नये. टीव्ही सगळ्यांच्या बैठकीच्या जागी असावा. धाकटा आई-बापाच्या मांडीवर बसून पंधरा-वीस मिनिटे बघेल, एखादे बटण दाबेल. तेवढ्याने आभाळ कोसळत नाही. वेळ आधी सांगावी, आणि मधेच वायर न उपटता, चालू टप्पा संपला की थांबावे. जेवताना नाही, झोपेच्या आधी तासभर नाही. यंत्रात पालकांसाठी कुलूप असते, त्याचा आकडा आपणच ठेवावा, आणि बँकेचे कार्ड त्यात कधीही नोंदवू नये. लहान वस्तू तोंडात घालणारे मूल असेल तर आणखी जपावे. निन्टेंडोच्या स्विच ह्या यंत्राची कॅसेट नखाएवढी असते; मुलांनी गिळू नये म्हणून कंपनीने तिला मुद्दाम कडू पुट दिले आहे, त्यावरून ओळखा.

मग दोन खोल्यांतल्या पोराने करायचे काय? खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी शोधले गेले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, १९५७ पासून कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. परदेशी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांत कोण आणणार? त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने घेतली. मोजणे, निवडणे, लहान-मोठे लावणे, सगळे त्यावर. मुले शाळेत येईनात तर शाळाच अंगणात नेली. पुढे १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या सरकारी योजनेतून अंगणवाडी गावोगाव गेली.

राजारामपुरीच्या खोलीतही हे होते. चिंचोके, गुंजभर नव्हे तर चांगले मूठभर. पण तीन वर्षांच्या वर, नाहीतर नाका-कानात जातात. परातीत ओली कणीक. सोलायला वाटाण्याच्या शेंगा. गच्चीवर खडूने आखलेली ठिकरी. आणि संध्याकाळी तासभर जवळची बाग, मग घरचा स्वयंपाक अर्धा तास उशिरा झाला तरी चालेल. आईला हे रोज एकटीने जमणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून शनिवारी गावाकडून कुणीतरी यावे, किंवा पोराला गावी न्यावे.

सासऱ्यांना "नको" म्हणणे सुनेला जड जाते. तिने असे म्हणून पाहावे, "मामा, गेम त्यो चौथीत गेल्यावर घिऊया. आता तुमीच येत जावा, तुमच्यासंगं खेळायचं म्हनतोय." बहुतेक आजोबा एवढ्यावर पिशवी भरून निघतात.

पिशवीत काय घालावे तेही सांगतो. बेंदूर जवळ आला असेल तर चिकणमातीचा एक मोठा गोळा. बैल दोघांनी मिळून करावे, शिंगे आजोबांनी, शेपूट नातवाने. माती ओल्या फडक्यात आणि वरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावी, नाहीतर कोल्हापूर येईपर्यंत एसटीतच वाळून जाते.