रायफलीचा दस्ता आणि अक्रोडाचे लाकूड

रायफलीची नळी पोलादाची असते. परंतु ती नेमबाजाच्या खांद्याला आणि गालाला जोडून देण्याचे काम लाकडी दस्ता करतो. हाताने घडविलेला दस्ता बहुधा त्याच्या नक्षीवरून वाखाणला जातो. जाणता कारागीर मात्र फळी निवडताना नक्षीकडे सर्वांत शेवटी पाहतो. लाकूड कोणत्या झाडाचे आहे, त्याचे तंतू कोणत्या दिशेने जातात आणि ते पुरते वाळले आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला आधी हवी असतात.

अक्रोडच का?

गोळी पुढे सुटते त्याच क्षणी रायफल मागे ढकलली जाते. हा धक्का दस्त्यात कोरलेल्या खाचेला सोसावा लागतो. लाकूड मऊ असेल तर खाच दबते. ठिसूळ असेल तर तिला चीर जाते. फार जड असेल तर रायफल उचलून धरता धरता हात भरून येतात. अक्रोड या तिन्ही दोषांपासून बराचसा मुक्त आहे. त्याचे वाळलेले लाकूड घनमीटरास सुमारे ६४० किलोग्रॅम भरते. शिसूचे सुमारे ७७० किलोग्रॅम. सागाचे वजन अक्रोडाच्या जवळपास असते आणि हवामान पालटले तरी तो फारसा आकसत वा फुगत नाही; परंतु त्याचा पोत भरड असून त्यातील सिलिकेचे कण हत्यारांची धार लवकर घालवितात. अक्रोड मात्र पटाशीखाली स्वच्छ कापला जातो. त्यामुळे लोखंडी भाग त्यात अगदी घट्ट बसविता येतात.

अक्रोडाऐवजी दुसरे लाकूड वापरले, की त्याच्या उणिवा भरून काढाव्या लागतात. ऑस्ट्रेलियातील लिथगो येथील कारखान्याने ली-एनफील्ड रायफलींसाठी क्वीन्सलंड मेपल हे तेथील लाकूड घेतले, तेव्हा धक्क्याने खाच दबू नये म्हणून तिच्यात तांब्याचे लहान पत्रे बसविण्यात आले. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने दस्त्याच्या पुढील भागात आडवा स्क्रू घालून लाकूड फाकण्यास आळा घातला.

तंतूंची दिशा

एकसंध दस्ता सर्वांत बारीक असतो तो मुठीच्या जागी. तेथेच तो वाकतो आणि रायफल हातून पडली तर बहुधा तेथेच मोडतो. लाकडाचे बळ तंतूंच्या लांबीत असते. आडव्या दिशेने ते सहज फाटते. तंतू दहास एक या प्रमाणात तिरके गेले, तर सरळ तंतूंच्या लाकडाच्या मानाने वाकण्यास होणारा विरोध सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. पाचास एक असा तिरकेपणा असेल, तर ही घट ४५ टक्क्यांपर्यंत जाते.

म्हणून कारागीर दस्त्याच्या आकाराचा साचा फळीवर ठेवतो आणि तंतू मुठीतून तिच्याच दिशेने जातील अशा बेताने तो फिरवून पाहतो. पुढील भागात ते नळीला समांतर असावे लागतात. केवळ एक बाजू पाहून भागत नाही. फळीच्या कडाही तपासाव्या लागतात, कारण वरून सरळ दिसणारे तंतू जाडीतून तिरके उतरत असतात. बुंध्याजवळचे पिळदार, नक्षीदार लाकूड मोहक खरे, पण त्याची जागा खांद्याकडील रुंद भागात. मुठीत गाठ किंवा नक्षी आली, तर ती फळी बाजूला ठेवणेच शहाणपणाचे.

वाळवण

ओले लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. वार्षिक वलयांना आडवे थोडे आणि वलयांच्या वळणाने अधिक आकसते. अमेरिकी काळ्या अक्रोडात हे प्रमाण अनुक्रमे ५.५ व ७.८ टक्के, तर अमेरिकी बीचमध्ये ५.५ व ११.९ टक्के आढळते. या दोन आकड्यांत जितके अंतर अधिक, तितका लाकडाचा कल वेडेवाकडे होण्याकडे अधिक.

याचा नेमाशी संबंध काय? दमट हवेत फुगलेला दस्ता नळीला एका अंगाने रेटू लागतो. नळीची दिशा अंशाच्या केवळ साठाव्या भागाने बदलली, तरी १०० मीटरवर गोळी सुमारे २९ मिलिमीटर सरकते. नेमबाज आपल्या हाताला दोष देतो. खरा दोष असतो घाईने वाळविलेल्या फळीचा.

उघड्या हवेत, सावलीत, दर २५ मिलिमीटर जाडीस एक वर्ष, असा वाळवणीचा ढोबळ हिशेब आहे. साठ मिलिमीटर जाडीच्या फळीला दोन-अडीच वर्षे धीर धरावा लागतो. फळीची टोके मेण लावून बंद करतात. नाहीतर ती आधी वाळून तडकतात. फळी अधूनमधून तोलावी. वजन घटायचे थांबले, म्हणजे ती हत्याराखाली घेण्यास योग्य झाली. दस्ता घडल्यावर लावलेले जवसाचे तेल ओलाव्याची ये-जा मंदावते, ती बंद करीत नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच जर्मनीत बीचचे पातळ थर चिकटवून दस्ते होऊ लागले. पुढे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमही आले. तरीही हाताने घडविलेल्या दस्त्यासाठी अक्रोडाचा मान टिकून आहे. परंतु हे झाड फळेही देते, आणि काश्मिरात तर त्याची तोड १९६९ च्या कायद्याने नियंत्रित करण्यात आली. फळी चुकीच्या दिशेने कापली, तर वाया जाते ती अनेक दशकांची वाढ. म्हणूनच करवत लावण्यापूर्वी साचा पुन्हा एकदा फिरवून पाहण्यात जाणारा वेळ वाया गेला, असे कोणताही चांगला कारागीर मानीत नाही.