पहिल्या वर्षाची चढण

मुंबईहून विमानाने लेहला जाणाऱ्या प्रवाशाला एक सूचना हमखास मिळते : पहिले एकदोन दिवस विश्रांती घ्या, धावपळ करू नका. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी. डोके दुखते, जिना चढताना धाप लागते. रोज व्यायाम करणारा तरुणही यातून सुटतोच असे नाही. मात्र शरीर स्वस्थ बसत नाही. श्वासाचा वेग वाढतो, काही आठवड्यांत रक्तातील तांबड्या पेशीही वाढतात. पहिल्या दिवशीच्या धापेवरून ‘माझी फुप्फुसेच निकामी आहेत’ असे कोणी ठरवले, तर ते चूक होईल.

विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात पुष्कळ विद्यार्थी नेमके असेच काहीतरी ठरवून बसतात. शाळेत पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलीला पहिल्या सत्रात काठावरचे गुण पडतात आणि तिला वाटते, ‘हे शिक्षण माझ्यासाठी नव्हेच.’ काही जण तर शिक्षण सोडूनही देतात. म्हणून तेथे गेल्यावर नेमके काय बदलते, हे आधीच समजून घेतलेले बरे.

हवा कशी बदलते?

शाळेत बाई फळ्यापाशी बोलावतात, वही तपासतात, घटक चाचणी घेतात. घरी कोणीतरी विचारते, ‘आज काय शिकवले?’ आपल्याला याचा कंटाळा येतो; पण त्यामुळे शिकलेले पुन्हा पुन्हा आठवावे लागते. विद्यापीठात व्याख्यान संपले की प्राध्यापक निघून जातात. वर्गात शंभरावर मुले असली, तर तुम्हाला रोज प्रश्न कोण विचारणार? वसतिगृहात झोपेची आणि जेवणाची वेळही आपली आपणच पाळायची. परीक्षा दूर आहे असे वाटत राहते, आणि तोवर विस्मरण आपले काम करीत असते.

ते किती वेगाने होते, हे हरमान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून मोजले व १८८५ साली प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते पाहिले. एका तासाने निम्म्याहून कमी श्रम वाचत, एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश, तर महिन्याने सुमारे एक पंचमांश. म्हणजे मोठी गळती पहिल्याच दिवशी होते! अर्थपूर्ण धडा निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक टिकतो हे खरे. पण गळती त्यालाही चुकत नाही.

वाचणे आणि आठवणे

मग धडा पुन्हा पुन्हा वाचावा काय? २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याचीच परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री पाणमांजर यांवरील उतारे वाचायला दिले. मग एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा मिटून ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा ८१ टक्के आठवला, लिहून काढलेला ७५ टक्के. आठवड्याने मात्र पारडे फिरले : पुन्हा वाचलेला ४२ टक्के, लिहून काढलेला ५६ टक्के!

पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘आपल्याला येते’ असा भास होतो. पुस्तक मिटून आठवताना अडखळायला होते. पण त्या अडखळण्यातच स्मरण पक्के होते. शाळेत बाई जे काम करीत असत, ते पहिल्या वर्षात आपण आपल्याकडे घ्यायचे, एवढाच याचा अर्थ.

एकटेपणाचे काय?

दुसरी अडचण मनाची. आपण सोडून बाकी सगळे येथे रुळले आहेत, असे नवख्याला वाटते. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका अमेरिकन विद्यापीठातील पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गांतील मुलांचे अनुभव वाचायला दिले. ‘सुरुवातीला आम्हालाही परके वाटे, पुढे ते ओसरले,’ असा त्यांचा सूर होता. सारा कार्यक्रम सुमारे तासाभराचा. तेथे अल्पसंख्य असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढील तीन वर्षांत वाढले. गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली त्यांची तफावत जवळजवळ निम्मी झाली. गोऱ्या विद्यार्थ्यांत मात्र विशेष फरक दिसला नाही. आपण येथले नाही ही शंका ज्याला अधिक छळते, त्याला असा दिलासा अधिक उपयोगी पडतो. तेव्हा आपल्या गावच्या, आपल्या शाळेच्या एखाद्या ताईला किंवा दादाला पहिल्या महिन्यातच गाठा आणि त्यांचे पहिले सत्र कसे गेले ते विचारा.

करून पाहा

या तयारीसाठी विद्यापीठात जाईपर्यंत थांबायला नको. सारख्या लांबीचे दोन अपरिचित उतारे निवडा. एक दोनदा वाचा. दुसरा एकदाच वाचून, तेवढाच वेळ घेऊन, न पाहता लिहून काढा. आठवड्याने मित्राला दोन्हींवर दहा दहा प्रश्न विचारायला सांगा. शिक्षकांनी हा प्रयोग साऱ्या वर्गावर केला, निम्म्या मुलांसाठी उताऱ्यांची अदलाबदल केली आणि सरासरी काढली, तर निष्कर्ष अधिक भरवशाचा ठरेल. गुण वहीत नोंदवून ठेवा आणि कोणत्या रीतीने अधिक आठवले ते स्वतःच पडताळा.