शब्दावाचून उत्कर्ष : एका आइसलँडी गीताचा भाषावैज्ञानिक विचार

ज्या गायनात एकही सार्थ शब्द नाही, त्यास भाषा म्हणावे काय, आणि ते भाषा नसेल तर श्रोत्यास भावनेच्या परमोत्कर्षाप्रत कशाच्या बळावर नेते, असा प्रश्न आइसलँडमधील ‘सिगुर रोस’ या वाद्यवृंदाच्या एका गीतावरून उपस्थित होतो. हा वृंद १९९४ मध्ये रेक्याविक येथे स्थापन झाला. त्याच्या २००२ मधील गीतसंग्रहाचे नाव म्हणजे केवळ कंसांची एक जोडी होय; त्यातील आठही गीते निनावी आणि सोबतच्या पुस्तिकेची पाने कोरी आहेत. आठवे गीत पुढे ‘पॉप्लाइयिद’, म्हणजे ‘पॉप-गीत’, या नावाने ओळखले जाऊ लागले.

या संग्रहातील गायनास ‘व्हॉनलेन्स्का’ म्हणतात. ‘व्हॉन’ म्हणजे आशा; उत्तरपद ‘इस्लेन्स्का’, म्हणजे आइसलँडी भाषा, या नामाच्या धर्तीवर जोडले आहे. नाव भाषेचे असले तरी तीस ना शब्दसंग्रह आहे, ना व्याकरण.

आंद्रे मार्तिने यांच्या मते मानवी भाषेची घडण दुहेरी असते : उक्तीचे विभाजन प्रथम सार्थ घटकांत आणि त्या घटकांचे पुन्हा स्वनिमांत होते. व्हॉनलेन्स्कात पहिला स्तर नाही, हे उघड आहे. दुसरा आहे असे वाटते. परंतु जेथे अर्थभेद नाही तेथे स्वनिमभेदही सिद्ध करता येत नाही. म्हणून तो स्तरही केवळ भासमान ठरतो. मराठी वाचकास येथे तराणा आठवेल. तथापि तराण्याचे बोल परंपरेने रूढ झालेले आहेत, या अक्षरांमागे तशी परंपरा नाही.

मग उरते काय? दीर्घत्व, आघात, सुरावली आणि तीव्रता. जवळजवळ पावणेबारा मिनिटांच्या या गीताचा आरंभ गिटारीच्या संथ स्वराकृतीने होतो. गायक योन थोर बिर्गिसोन मोजकीच अक्षरे पुनःपुन्हा उच्चारतो. उत्तरार्धात ढोलांचे आघात दाट होत जातात, चेलोच्या गजाने वाजविलेली गिटार त्यांत मिसळते, आवाज उंच व प्रखर होतो आणि अखेरीस सर्व वाद्ये एकत्र उसळतात. सामान्य गीतात अशा उत्कर्षाचे श्रेय एखाद्या अर्थपूर्ण ओळीस देता येते. येथे तो मार्ग बंद आहे : शब्दार्थ आरंभी नव्हता आणि अखेरीसही नाही, बदलले ते उच्चारणाचे गुणधर्म आणि वाद्यांची साथ.

तेव्हा व्हॉनलेन्स्का ही भाषा नव्हे; मात्र भाषेत शब्दांच्या सेवेत राबणारे हे गुणधर्म शब्दांवाचूनही किती कार्य करू शकतात, याचे ती उत्तम उदाहरण होय. आपल्या अध्यापनात त्यांस बहुधा स्वनिमविचारानंतरचे परिशिष्ट म्हणून स्थान मिळते. या गीताचे एकवार लक्षपूर्वक श्रवण केल्यास त्या क्रमाचा फेरविचार करावासा वाटेल.